एचएमटी ते स्विस: आठ मशीनं, एक महिना आणि माझा हिशोब

मामेभावाला यंदा बोनस बरा मिळाला आणि त्याच्या डोक्यात घड्याळ शिरलं. सेलवालं नको, "दादा ते आत चाकं फिरताना दिसतात ना, तसलं" पाहिजे. बजेट पंचवीस हजार होतं ते दोन आठवडे व्हिडिओ बघून सत्तर हजारावर गेलं आणि मग एका रात्री साडेअकराला मेसेज आला, स्विस मशीन (म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रणा) आणि जपानी मशीन यात नक्की फरक काय, तिप्पट पैसे देऊन मिळतं काय. मी उत्तर टाइप करायला बसलो आणि लक्षात आलं की मलाही नीट सांगता येत नाहीये. ऐकीव बऱ्याच गोष्टी माहिती होत्या पण स्वतः मोजून बघितलेलं काहीच नव्हतं. मग ठरवलं, एकदा मोजूच.

घरात घड्याळं सात. सगळी एकदम घेतलेली नाहीत, पंधरा वर्षांत जमलीत, बायकोला अजून चारच माहिती आहेत. आठवं मित्राकडून महिनाभर आणलं. टायमग्राफर म्हणजे घड्याळाची टिकटिक ऐकून ते किती पुढे किती मागे पळतंय ते दाखवणारा डबा, तो आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी मिळून घेतलाय, चिनी आहे, वेशी १०००. काम चोख करतो. घड्याळ त्याच्यावर ठेवायचं, लिफ्ट अँगल सेट करायचा (हा प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन असतो, सिकोच्या एनएच३५ मशीनला ५३ अंश, ईटीए २८२४ ला ५०, दोन्ही पुढे येतील, हे चुकलं की अँप्लिट्यूड, म्हणजे आतलं बॅलन्सचं चक्र किती अंशातून फिरतंय तो आकडा, चुकीचा दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो) आणि अर्धा मिनिट थांबायचं. शिवाय प्रत्येक घड्याळ चार-चार दिवस हातात घालून रोज सकाळी मोबाईलच्या वेळेशी ताडून वहीत लिहिलं. ऑफिसात लोकांना वाटलं माझं कायतरी बिनसलंय.

सुरुवातीलाच एक सांगतो म्हणजे पुढे गैरसमज नको. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. घड्याळ दिवसाला १० सेकंद चुकतंय म्हणजे ते ९९.९८ टक्क्यांहून जास्त बरोबर आहे. हे सगळं कमान, चाकं आणि एक इवलंसं मागे-पुढे हलणारं चक्र यांच्या जिवावर, ना सेल ना चिप. आणि तरीही हजार-दीड हजाराचं कॅसिओ या आठही घड्याळांना वेळेच्या बाबतीत आरामात हरवतं, त्याचा फरक महिन्याला ३० सेकंदांच्या आत असतो. तेव्हा बिनचूक वेळेसाठी मेकॅनिकल घ्यायचं असेल तर इथेच वाचणं थांबवा, पैसे वाचतील.

आता एकेक.

पहिलं बाबांचं एचएमटी पायलट. काळी डायल, चावीचं घड्याळ, रोज सकाळी दात घासून झाले की चावी द्यायची. एचएमटीचा घड्याळाचा कारखाना १९६१ ला बंगलोरला सुरू झाला तो जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने, आणि आतलं ०२३१ मशीन पण सिटिझनच्याच वळणाचं आहे. १७ ज्वेल (झीज कमी करायला बसवलेले बारीक खडे), तासाला १८,००० ठोके म्हणजे सेकंदाला पाच. सेकंदकाटा जरा थांबत थांबत जातो आणि आवाज मोठा येतो, उशीखाली ठेवलं तर झोप लागणार नाही. केंद्राने २०१६ ला एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि तेव्हापासून या घड्याळांचे भाव काय वाढलेत विचारू नका, बाबा म्हणतात आमच्या वेळी कोणी ढुंकून बघत नव्हतं, सगळ्यांना सेलवालं टायटन पाहिजे होतं.

मोजलं तेव्हा पडून ठेवल्यावर +४ (म्हणजे दिवसाला ४ सेकंद पुढे) आणि चावीचं बोंडुक खाली करून उभं धरल्यावर −२१. म्हणजे पोझिशनप्रमाणे २५ सेकंदांचा फरक. टेबलावर वेगळं, हातात वेगळं. पण गंमत ही की दिवसभर हातात आणि रात्री टेबलावर असं वापरल्यावर हे एकमेकांत जिरून सरासरी निघाली −६. चाळीस वर्षांचं मशीन, पेठेतल्या काकांनी मागच्या वर्षी उघडून धुऊन तेल घालून दिलं त्याचे घेतले ८००. अजून काय पाहिजे? खर्चाच्या मानाने क्वालिटी असा नुसता हिशोब मांडला तर स्पर्धा इथेच संपते. पण नवीन सहजासहजी मिळत नाही ही मुख्य अडचण, आणि ऑनलाइन जे "नवंकोरं एचएमटी" म्हणून दोन-तीन हजाराला दिसतं त्यातलं बरंचसं मुंबई स्पेशल असतं. मुंबई स्पेशल म्हणजे जुनं मशीन, जुनी केस आणि भडक रंगाची नव्याने छापलेली डायल. केशरी, मोरपंखी, कंपनीने कधी काढले असतील असं वाटत नाही असे रंग. मशीन कधीकधी चार घड्याळांतले पार्ट जोडून केलेलं असतं. जुन्या सिको ५ आणि फेवर ल्युबाचीही हीच गत आहे. शोभेला घ्या, पण हे मशीन चांगलं का वाईट असा प्रश्न त्याच्या बाबतीत विचारूच नका कारण ते एक मशीन नाहीच.

दुसरं सिको ५, आत ७एस२६. माझं पहिलं ऑटोमॅटिक, पगार नवीन होता, बिल अजून ठेवलंय, साडेपाच हजार. हे मशीन सिकोने १९९६ ला आणलं आणि पुढची वीसेक वर्षं जगभर अक्षरशः ओतलं. २१ ज्वेल, तासाला २१,६०० ठोके. याला चावी देता येत नाही, बंद पडलं असेल तर हातात घेऊन हलवायचं, आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नाही. हे दोन सोडले तर यात खोट काढायला जागा नाही. हात हलला की रोटर (आतलं अर्धवर्तुळाकार वजन) फिरतो आणि दोन्ही दिशांनी कमान भरतो, त्यासाठी मॅजिक लिव्हर म्हणून एक इतकी साधी युक्ती आहे की बघून हसू येतं, दोन चिमट्यांसारखी बोटं, एक ओढतं आणि एक ढकलतं, चाक मात्र एकाच बाजूला फिरतं. सिकोकडे ही १९५९ पासून आहे. महागड्या मशीनमध्ये याच कामासाठी रिव्हर्सिंग व्हील्स असतात, ती नाजूक, त्यांना तेल बरोब्बर लागतं. स्वस्त असूनही जास्त टिकाऊ असं उदाहरण हवं असेल तर हे घ्या.

माझं दहा वर्षं उघडलं नव्हतं. उघडायला नको का होतं, तर हवं होतं, चार-पाच वर्षांनी तेल बदलावं असं सगळेच सांगतात, पण चालतंय ना मग कशाला या नियमाने राहिलं. अँप्लिट्यूड चांगल्या तब्येतीच्या मशीनला पडून ठेवल्यावर २७०-३०० असावं, याचं २१० आलं. तरी वेळ −१३. कंपनी स्वतः −२० ते +४० एवढी मोकळीक घेते, म्हणजे दहा वर्षं बिनतेलाचं राबूनसुद्धा कंपनीच्या हिशोबात पासच.

तिसरं एका छोट्या ब्रँडचं डायव्हर, आत एनएच३५. हे म्हणजे ७एस२६ चंच शिकलेलं भावंड. चावी देता येते, सेकंदकाटा थांबतो, २४ ज्वेल, ठोके तेवढेच, पूर्ण भरल्यावर ४१ तास चालतं. सिको स्वतःच्या घड्याळात हेच ४आर३५ म्हणून घालते आणि बाहेरच्यांना एनएच म्हणून विकते. आज जगात जे शेकडो छोटे ब्रँड निघालेत त्यातले कितीतरी या एका मशीनवर उभे आहेत. सुटं मशीन मला साडेतीन हजाराला मिळत होतं. इथे जरा थांबतो कारण खर्चाचा अख्खा मुद्दा इथेच आहे. साडेतीन हजाराच्या मशीनचं ओव्हरहॉलिंग करायला चांगला कारागीर दीड-दोन हजार घेणार. मग बिघडलं तर दुरुस्त करायचं की सरळ बदलायचं? काका म्हणाले, "बदलून टाक रे, याच्यात माझा अर्धा दिवस जातो, नवीन टाकायला पाऊण तास." पटलं पण मनाला लागलं थोडं. ज्या गोष्टीसाठी आपण मेकॅनिकल घेतो, की बाबा हे दुरुस्त होत राहील आणि पोराला देता येईल, तीच या स्वस्ताईने काढून घेतली. मशीन म्हणजे सेलच झाला की, फक्त वीस वर्षं चालणारा.

खोक्यातून काढलं तेव्हा +१७ होतं. काकांनी मागचं झाकण उघडून रेग्युलेटरची दांडी केसभर सरकवली, +५ झालं, पैसे घेतले नाहीत, चहा मी पाजला. म्हणजे बघा, साडेतीन हजाराचं मशीन आणि पंधरा मिनिटं, एवढ्यात ते कितीतरी महागड्या घड्याळांच्या रांगेत जाऊन बसलं. मग कंपनी का नाही करून देत? कारण त्या पंधरा मिनिटांचेच तर पैसे असतात. लाखो मशीनं बनवायची तर प्रत्येकाजवळ माणूस पंधरा मिनिटं बसवून परवडत नाही. हे डोक्यात बसलं आणि बाकीच्या किमती आपोआप कळायला लागल्या. फक्त एक, दांडी सरकवून सरासरी सुधारते, पोझिशनमधला फरक नाही सुधारत. याचा तो १८ सेकंद होता, आधीही आणि नंतरही.

(मध्येच एक फजिती. हेच घड्याळ मी आठवडाभर ब्लूटूथ स्पीकरवर काढून ठेवत होतो. एक दिवस ऑफिसला पोचलो तर सहा मिनिटं पुढे! म्हटलं गेलं मशीन. काकांनी कंपास जवळ धरला तर सुई गरकन फिरली. लोहचुंबक लागलं होतं, हेअरस्प्रिंगचे (चक्राला मागे-पुढे हलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटले की चक्र भराभर हलायला लागतं. पाचशे रुपयांचा निळा डिमॅग्नेटायझर मिळतो, बटन दाबायचं, घड्याळ त्यावरून फिरवत लांब न्यायचं, काम तमाम. घड्याळ अचानक मिनिटांनी पळायला लागलं तर दुरुस्तीला द्यायच्या आधी हे करून बघा.)

चौथं सिटिझन, आत मियोटाच्या ८२०० घराण्यातलं मशीन. मियोटा सिटिझनचीच. हे घराणं १९७७ पासूनचं, म्हणजे माझ्याहून मोठं. २१,६०० ठोके, बेचाळीसेक तास चालतं, मोकळीक तीच −२० ते +४०. रोटर एकाच दिशेने कमान भरतो आणि दुसऱ्या दिशेला मोकळा सुटतो, त्यामुळे मनगट झटकलं की आत काहीतरी गरगर फिरल्याचं चक्क जाणवतं. काहींना आवडतं, मला नाही आवडत, रात्री कूस बदलली तरी घुर्र. जुन्या आवृत्त्यांत सेकंदकाटा मध्येच एखादा क्षण अडखळतो, तो बिघाड नाही, काट्याला ताकद आडवाटेने पोचते म्हणून तसं होतं. पण टिकाऊपणा विचाराल तर दगड. मी पुण्याच्या रस्त्यांवर बाईक चालवतो, रोज कात्रजवरून जातो, खड्डे काही सांगायला नकोत, याला काही फरक पडला नाही. +८ होतं, +८ च आहे. एनएच३५ का हे, असं विचाराल तर मी एनएच घेईन, दोन्ही दिशांनी भरतं म्हणून आणि रोटर गप्प बसतो म्हणून. पण घड्याळ जे आवडेल ते घ्या, या दोघांत मशीनवरून ठरवण्यात अर्थ नाही.

मियोटाचंच वरचं मशीन ९०१५, ते मित्राकडून आणलं होतं. २८,८०० ठोके म्हणजे सेकंदाला आठ, सेकंदकाटा असा सरसर जातो की बघत बसावं. जाडी ३.९ मिमी, म्हणजे ईटीए २८२४ पेक्षा पण बारीक, तिची ४.६ आहे. त्यामुळे घड्याळ शर्टाच्या बाहीत सरकतं. कंपनी −१० ते +३० सांगते, मित्राचं +३ होतं आणि पोझिशनचा फरक १०. सुट्या मशीनला मला दहा हजाराच्या आसपास भाव सांगितला. रोटर हाही एकाच बाजूने भरतो आणि गरगर इथेही आहे, तेवढं सोडलं तर माझ्या मते पैसे आणि माल यांचा सगळ्यात चांगला मेळ इथे बसतो. लोक याचं नाव फार घेत नाहीत कारण डायलवर "स्विस" लिहिता येत नाही.

आता स्विस. इथे जरा इतिहास सांगावा लागेल, कंटाळा आला तर पुढे जा. ईटीए नावाची कंपनी बरीच वर्षं स्विस मशीनांची जवळजवळ मक्तेदार होती, ती स्वॉच ग्रुपच्या मालकीची, आणि तिचं २८२४-२ हे मशीन म्हणजे स्विस घड्याळांचा वडापाव, जिकडे जाल तिकडे. २५ ज्वेल, २८,८०० ठोके, ३८ तास. मग स्वॉच ग्रुपने ठरवलं की प्रतिस्पर्ध्यांना मशीनं विकणं कमी करायचं, त्यावरून तिथल्या स्पर्धा आयोगाकडे कितीतरी वर्षं प्रकरण चाललं. इकडे सेलिटा, जी ईटीएसाठीच मशीनं जुळवून द्यायची, तिने बघितलं की २८२४ चे पेटंट संपलेत, आणि स्वतःचं एसडब्ल्यू२०० काढलं. माप तेच, रचना तीच, एक ज्वेल जास्त. आज मधल्या किमतीच्या स्विस घड्याळात, आणि आपल्याकडच्या काही नव्या भारतीय ब्रँडच्या महाग मॉडेलमध्येही, बहुतेक वेळा हेच निघतं.

पण खरी मेख आहे ग्रेडमध्ये, आणि ही दुकानात कोणी सांगत नाही. ईटीएचं तेच मशीन स्टँडर्ड, एलाबोरे, टॉप आणि क्रोनोमीटर अशा चार ग्रेडमध्ये येतं. स्टँडर्ड दोन पोझिशनमध्ये जुळवलेलं, एलाबोरे तीन, टॉप आणि वरचं पाच. स्टँडर्डची सरासरी साधारण ±१२ च्या आत धरायची, टॉपची ±४. टॉपला हेअरस्प्रिंग आणि बॅलन्सचा धातूही वेगळा. म्हणजे "ईटीए २८२४ आहे साहेब" हे वाक्य अर्धंच आहे, कुठल्या ग्रेडचं ते विचारा, आणि सेल्समन गोंधळला तर स्टँडर्ड समजा. क्रोनोमीटर म्हणजे सीओएससी या स्विस संस्थेने पंधरा दिवस तपासून दिलेलं सर्टिफिकेट, −४ ते +६. बाकी काही लिहिलेलं असो, असं सर्टिफिकेट नसेल तर क्रोनोमीटर नाही, क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचवालं घड्याळ) वेगळा आणि क्रोनोमीटर वेगळा, यात माझाही एकदा पोपट झालाय.

माझं एसडब्ल्यू२०० वालं स्टँडर्ड ग्रेडचं. घड्याळ ८२ हजाराचं, सेलमध्ये, ब्रँड सांगत नाही. +७ चालतं, आणि पोझिशनचा फरक ९ सेकंद. आठवा, एचएमटीचा २५, एनएचचा १८. जास्तीचे पैसे कुठे गेले ते इथे दिसतं: सरासरी सगळ्यांची थोड्याफार फरकाने सारखीच, पण महाग मशीन कसंही धरा, सारखंच वागतं. अर्धी कमान उतरली तरी फार बिघडत नाही. आणि चावी देतानाचा स्पर्श! एनएचला चावी देणं म्हणजे मिठाची बरणी उघडल्यासारखं कोरडं करकर, याला लोणी. शुक्रवारी काढून ठेवलं तर रविवारी बंद पडलेलं असतं ही मात्र याची दुखरी बाजू. हाताने रोज चावी देत बसू नका, या ऑटोमॅटिक मशीनांना ते मानवत नाही, चालू करायला वीसेक फेरे द्यायचे आणि घालायचं.

टिसोचं पॉवरमॅटिक ८० पण माझ्याकडे आहे, त्यांच्या पीआरएक्स मॉडेलमधलं. मुळात हे २८२४ च, पण ठोके २८,८०० वरून २१,६०० वर आणले, कमानीच्या डब्यातला दांडा बारीक करून आत जास्त लांब कमान बसवली आणि ३८ चे ८० तास झाले. शुक्रवारी रात्री काढा, सोमवारी सकाळी घाला, चालूच. रोजच्या वापरात याहून उपयोगी सुधारणा मी बघितली नाही. हेअरस्प्रिंग निव्हाक्रॉन नावाच्या मिश्रधातूची, लोहचुंबकाला फारशी दाद देत नाही, म्हणजे स्पीकरवर ठेवायला हरकत नाही (ठेवत नाही). माझं +४, पोझिशनचा फरक ७. आता कुरकुर: काही आवृत्त्यांत एस्केपमेंटचे (कमानीची ताकद ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या यंत्रणेचे) भाग प्लास्टिकसारख्या सिंथेटिकचे असतात आणि रेग्युलेटरची दांडी नसते, जुळवणी कारखान्यात लेझरने होते. काकांना दाखवलं तर त्यांनी भिंग लावून बघितलं, झाकण परत लावलं आणि म्हणाले, "हे माझ्याकडे आणू नकोस." बास. वापरायला सगळ्यात सोयीचं आणि गल्लीत दुरुस्त करायला सगळ्यात गैरसोयीचं, दोन्ही एकाच घड्याळात.

आठवं खरं तर तुलनेत बसत नाही पण सोडवत नाही. सीगलचं एसटी१९, चिनी. चिनी म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण याची गोष्ट ऐका. व्हीनस १७५ नावाचं स्विस क्रोनोग्राफ मशीन होतं, त्याची यंत्रसामग्री चीनने १९६१ ला विकत घेतली, हवाई दलाच्या वैमानिकांना घड्याळं पाहिजे होती म्हणून, आणि तिआंजिनच्या कारखान्यात ते बनवायला लागले. कॉलम व्हीलवालं (स्टॉपवॉचची चालू-बंद सांभाळणारं खांबाखांबांचं चाक), चावीचं क्रोनोग्राफ. स्विस कंपन्या असलं मशीन लाखांत विकतात, मला अख्खं घड्याळ बावीस हजाराला पडलं, कस्टम्स धरून. +१२ चालतं. मागच्या काचेतून बटन दाबल्यावर ती चाकं एकमेकांत अडकताना बघायची म्हणून घेतलं आणि अजूनही आठवड्यातून एकदा पोराला घेऊन तेवढंच करतो. दुरुस्ती? काकांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले छान आहे, आणि पेटीत परत ठेवलं. क्रोनोग्राफ म्हणजे दुप्पट पार्ट, करणारा माणूस शोधत फिरावं लागणार, ही तयारी ठेवूनच घ्या.

सर्व्हिसचं बोललो नाही तर हा रिव्ह्यू अर्धा. माझ्या एका स्विस घड्याळाला (कुठलं ते सांगत नाही) सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट दिलं १९ हजार आणि सात आठवडे. सात आठवड्यांचे अकरा झाले, फोन केला की "पार्ट बाहेरून यायचाय सर". परत आलं तेव्हा चाललं छान, पण मी त्या एकोणीस हजारात पाच एनएच३५ मोजत बसलो होतो. म्हणून माझा सल्ला असा की किंमत बघताना नुसती एमआरपी बघू नका, पंधरा वर्षांचा हिशोब करा. पंधरा वर्षांत तीन सर्व्हिसिंग धरा. एचएमटीला तीन हजार, एनएचला दोनदा मशीन बदललं तरी दहाच्या आत, स्विसला तीसपासून पुढे कितीही. ८२ हजाराचं घड्याळ सव्वा लाखाचं होतं आणि तिकडे अठरा हजाराचं अठ्ठावीसचं. एसडब्ल्यू२०० च्या बाजूने एक मात्र बोलतो, बऱ्याच वर्षांची ओळखीची रचना असल्याने बाहेरचा हुशार कारागीरही ते करू शकतो, पार्ट मिळतात. वॉरंटी संपल्यावर मी तेच करणार आहे.

आणखी एक शब्द सेल्समनच्या तोंडी फार असतो, इनहाउस. म्हणजे कंपनीने स्वतः बनवलेलं मशीन. ऐकायला भारी. पण पंचवीस-तीस हजाराचं सिको ५ पण इनहाउसच आहे की! आणि दुसऱ्या बाजूला "स्विस मेड"चा अर्थ घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा निदान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला, २०१७ पासून असा नियम आहे, बाकीचे ४० कुठूनही येऊ शकतात. दोन्ही शब्द खोटे नाहीत, पण त्यांनी घड्याळ सेकंदभरही जास्त बरोबर चालत नाही. खरंच वेळेसाठी पैसे मोजायचे असतील तर मग उडी लांब मारावी लागते, रोलेक्स स्वतःच्या घड्याळांना दिवसाला −२ ते +२ सांगते, ग्रँड सिकोच्या बऱ्याच स्प्रिंग ड्राइव्ह घड्याळांचं महिन्याला ±१५ सेकंद, पण त्यात कमानीबरोबर क्वार्ट्झचा स्फटिक पण असतो त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये त्याला मेकॅनिकल म्हणायचं की नाही यावर एकदा रात्री दोनपर्यंत भांडण झालंय. मी म्हणतो नाही. हातात घालून बघितलंय दुकानात, काटा पाण्यावरून गेल्यासारखा जातो, एवढंच सांगतो, किंमत सांगत नाही.

तर मामेभावाला मी काय लिहिलं. पंधरा ते तीस हजारात एनएच३५ किंवा ४आर वालं डोळे झाकून घे. त्यापुढे चाळीसच्या आसपास ९०१५ वालं मिळालं तर बघच, पातळ घड्याळ आवडत असेल तर नक्की. पासष्ट-सत्तरला पॉवरमॅटिक, पण तू आळशी आहेस आणि शनिवार-रविवार घड्याळ घालत नाहीस म्हणून, मशीन श्रेष्ठ आहे म्हणून नव्हे. स्टँडर्ड ग्रेडच्या स्विससाठी ऐंशी-नव्वद हजार मोजू नकोस, मी मोजलेत, केस आणि डायलचे ते पैसे असतात, मशीनचे नाहीत. त्याच पैशात टॉप ग्रेड किंवा सीओएससी मिळत असेल तरच. आणि कुठलंही घेतलंस तरी पहिल्या महिन्यात एकदा माझ्याबरोबर काकांकडे ये.

त्याने एनएच३५ वालं घेतलं, हिरव्या डायलचं, एकवीस हजाराला. खूश होता. आठव्या दिवशी सकाळी सात वाजता मेसेज, "दादा चार सेकंद मागे पडलंय, रिप्लेस करून घेऊ का?"

आठ दिवसांत चार सेकंद. माझ्याकडच्या ब्याऐंशी हजाराच्या घड्याळालाही हे जमत नाही. मी त्याला काही बोललो नाही, म्हटलं शनिवारी ये आणि येताना घड्याळ घेऊन ये, मला टायमग्राफरवर लावून बघायचंय.